चिमटाबाईंची अंडी

चिमटाबाईंना किळस येत नाही अशी गोष्ट शोधायची तर दिवा घेऊन निघावं लागेल. दुसऱ्याच्या कपावरचा ओठाचा ठसा, बसमधला दांडा, लिफ्टची बटणं, मोरीत लोंबणारा ओला टॉवेल, बोलता बोलता मान खाजवून नखं न्याहाळणारी शेजारीण, सगळ्यांना एकच शेरा: शी. नणंद घरी आली की केक कापते, सुरीला लागलेलं क्रीम बोटाने पुसते, बोट चाटते आणि त्याच बोटांनी तुकडा उचलून वहिनीला भरवायला येते. तीस वर्षं बाई तोंड फिरवून म्हणतायत, पोट भरलंय. नणंदेला वाटतं वहिनीला पथ्य आहे.

आणि अशी ही बाई सव्वीस वर्षं बेडकांच्या पोटात हात घालून नोकरी करत होती. आता तुम्ही म्हणाल, हे कसं जमलं? मीही एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बेडूक बुळबुळीत असतो, पण तो जन्मतः. माणसं मुद्दाम होतात."

नोकरी लागली ती काचसामान धुवायला. नवऱ्याचा छापखाना बंद पडला होता, तो दिवसभर घरात पाय पसरून पेपर वाचायचा आणि चहा भुरके मारत प्यायचा. त्या भुरक्यांना कंटाळून आपण नोकरी धरली असं बाई सांगतात. 'अहो', म्हणजे त्यांचे यजमान, सांगतात की तिला धुवायला घरातली भांडी पुरेनात. दोघंही खरंच बोलत असावीत.

प्रयोगशाळेत तेव्हा एक म्हातारा मदतनीस होता. त्याने बाईंच्या हातात दोन बारीक टोकदार चिमटे दिले आणि अंडी सोलायला शिकवलं. माणूस हुशार, पण सवयी अशा की सांगू नयेत. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या पुसट झाल्या की हा खुशाल पांढरी पूड जिभेवर ठेवायचा आणि सांगायचा हे अमुक, हे तमुक. दात पिवळे, मिशीला पूड. "ल्युसीन दोन तऱ्हेचं असतं बाई," तो म्हणायचा, "एल कडू, डी गोड. डोळ्यांना दोन्ही सारखी, जीभ मात्र फसत नाही." बाई तेव्हा दोन पावलं मागे सरायच्या. तो निवृत्त झाला त्या दिवशी त्यांनी त्याचं टेबल गरम पाण्याने तीनदा धुतलं.

खोली तळमजल्यावर, खिडकी एक आणि तीही पाण्याच्या टाकीमागे. टाकीत चाळीस बेडक्या. कुबट, शेवाळी वास, तो केसांत बसतो आणि रविवारीसुद्धा जात नाही. गुरुवारी एक बेडकी गुंगीच्या पाण्यात ठेवायची, निपचित पडली की पोटाला बोटभर चीर द्यायची आणि आतला अंड्यांचा एक पुंजका ओढून कापायचा. मग दोन टाके आणि बेडकी परत पाण्यात. ती तासाभरात पोहायला लागते, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. पुंजका पाचक औषधात टाकला की वर फेस येतो आणि नासलेल्या माशांचा असा भपकारा सुटतो की नवीन आलेली मुलं तोंड दाबून बाहेर पळतात. बाई पळत नसत. त्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अंडं धरून चिमट्याने वरची साल काढत. मोहरीहून थोडं मोठं, अर्धं काळपट, अर्धं पिवळट. डाग पडलेलं, मऊ पडलेलं, कडेने पांढरं स्रवणारं अंडं दिसलं की चिमट्याच्या एका झटक्यात कचऱ्यात. त्यांची एक वही होती. तारीख, किती सोलली, किती फेकली, आणि शेवटी एक शब्द: उत्तम, बरी किंवा टाकाऊ. टाकाऊ लिहिलेला दिवस वर्षातून एखादा, आणि त्या दिवशी बाई कुणाशी धड बोलत नसत.

ही अंडी कशासाठी, ते त्यांना पहिली वीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. सांगितलं ते थीसिसवालीने. ही पोरगी सहा वर्षांपूर्वी पीएचडीच्या पदवीचं संशोधन करायला आली. बडबडी, उंच, केस कायम पेन्सिलीने वर खोचलेले. आल्याबरोबर बाईंना मावशी म्हणायला लागली. सुईने अंड्यात टोचणी करायला खाली यायची आणि टोचता टोचता तोंडाचा पट्टा चालू.

"मावशी, पेशीची कातडी तेलकट असते. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा, त्यांना त्या तेलातून पार होता येत नाही. म्हणून कातडीत दारं असतात. पण दार म्हणजे भोक नव्हे हं. भोक असतं तर काहीही शिरलं असतं. या दाराला आत एक खिसा असतो. आधी तो बाहेरून उघडा असतो. अमिनो आम्ल येऊन त्यात बसतं. सगळ्या अमिनो आम्लांची दोन टोकं सारखीच, एक अधिक भाराचं, एक उणे भाराचं. खिशात त्या दोन टोकांना धरायच्या जागा ठरलेल्या. टोकं धरली की मग बाजूची फांदी चाचपायची. कुणाची आखूड, कुणाची लांब, कुणाची भार असलेली. ल्युसीन हेही एक अमिनो आम्लच, त्याची फांदी तेलकट. ती खिशाच्या तेलकट कोपऱ्यात नीट बसली तरच खिसा बाहेरून मिटतो, आणि बाहेरून मिटला तरच आतून उघडतो. नाही बसली तर दार हलतच नाही."

"आणि तो म्हातारा म्हणायचा ते एल न् डी काय असतं?"

पोरीने टाकी धुवायचे जाड रबरी मोजे उचलले, डावा मोजा उजव्या हातात घालून दाखवला. अंगठा भलतीकडेच. "हे असं. वस्तू तीच, पण आरशातली. एल डावखुरं, डी उजवं. आपल्या अंगातली प्रथिनं सगळी एलची. आपल्या दाराचा खिसा डावखुऱ्या मोज्यासारखा आहे, डी आलं तर एक टोक धरेल, दुसरं सुटेल."

"निवडून घेतं म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आमच्या घराच्या दाराला असा खिसा असता तर नणंद बाहेरच राहिली असती."

पोरगी इतकी हसली की हातातली सुई मोडली. त्या दिवसापासून बाईंचा तिच्यावर जीव जडला. स्वतःचं मूल नव्हतं. तिने उष्टा कप टेबलावर विसरला तर तो मात्र त्या न बोलता उचलून धुवायच्या, चिमट्याने का होईना.

पोरीचं काम असं होतं. अंड्यात दार कसं बांधायचं याचा संदेश, म्हणजे आरएनए, टोचायचा. दोन-तीन दिवसांत अंडं ते दार तयार करून आपल्या कातडीत बसवतं. मग अंडी किरणोत्सारी एल-ल्युसीनच्या पाण्यात ठेवायची, थंड पाण्यात चार वेळा धुवायची, विरघळवायची आणि आत किती गेलं ते यंत्रावर मोजायचं. त्याच पाण्यात साधं ल्युसीन भरमसाट टाकलं तर तेच दारात गर्दी करतं आणि किरणवालं आत शिरू शकत नाही, म्हणजे आकडा उतरतो. जुन्या, मूळच्या दाराला एल टाकलं की आकडा उतरायचा, डी टाकलं तर ढिम्म. बरोबरच होतं, डी खिशात बसतच नाही. दारही प्रथिनाचंच, म्हणजे त्याच विटांचं, तेव्हा पोरीने खिशातली एक वीट बदललेलं नवं दार बनवलं. त्याला एल टाकलं, आकडा उतरला. डी टाकलं, तरीही उतरला, आणि तितकाच उतरला. दाराला डावं-उजवं कळेनासं झालं होतं.

वरच्या मजल्यावरचे सर म्हणजे पोरीचे मार्गदर्शक. त्या दिवशी ते स्वतः खाली बेडकांच्या खोलीत आले, नाकाला रुमाल लावून. एका विटेवर सगळी निवड टांगलेली आहे, असं कुणी आजवर दाखवलेलं नाही, म्हणाले. भाषणं झाली, परदेशातून पत्रं आली. एकदा पोरगी म्हणाली, "सर, जुन्या दाराची अंडीही त्याच दिवशी, त्याच बाटलीतून घेऊन करायला हवीत ना?" सर म्हणाले, "जुन्या दाराचे आकडे आहेत की पूर्वीचे. तेच वापर. बेडक्या वाया घालवू नकोस." बेडक्यांची एवढी दया सरांना त्याआधी आलेली कुणी पाहिली नव्हती.

पदवीच्या तोंडी परीक्षेला चार दिवस राहिले. बुधवारी बाहेरून परीक्षक येणार, प्रयोगशाळा पाहणार, वह्या तपासणार. बाईंनी थंड कपाट आवरायला काढलं. मागच्या रांगेत डी-ल्युसीनची मोठी बाटली होती. पुसता पुसता त्यांनी झाकण फिरवलं, रेघांत धूळ बसते म्हणून. झाकणाखाली चकचकीत पातळ पत्रा होता, चारी बाजूंनी चिकटलेला, सुईचंही भोक न पडलेला.

मोठ्या बाटलीतून छोट्या तपकिरी बाटल्या भरायचं काम बाईंचंच. कुणी ओला चमचा मोठ्या बाटलीत घातला तर त्यांच्या अंगावर काटा यायचा, म्हणून त्या दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नसत. नवीन दाराचं काम सुरू झालं तेव्हा, आठ महिन्यांपूर्वी, एकाने छोट्या बाटल्यांत खरकटे चमचे घातलेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी सगळी पूड फेकली आणि बाटल्या कढत पाण्यात रात्रभर बुडवून ठेवल्या. इतक्या की चिठ्ठ्या गळून आल्या. सकाळी बाटल्या कोरड्या केल्या, भरल्या, आणि नव्या चिठ्ठ्या लावल्या. आधी भरल्या, मग लावल्या, कारण गोंद ओल्या काचेला धरत नव्हता. इतकी वर्षं आधी चिठ्ठी, मग पूड असा त्यांचाच दंडक होता. दुसऱ्याच्या घाणीपायी तो एकदा मोडला.

मग डी लिहिलेल्या छोट्या बाटलीत आहे काय?

कदाचित आधीच्या मोठ्या बाटलीत थोडं डी उरलं असेल आणि त्यातून भरलं असेल. बाईंना आठवेना. जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, येथील कोणतीही वस्तू तोंडात घालू नये, आणि ती पाटी बाईंनीच मागे लागून लावून घेतली होती. त्यांनी धुतलेली काचकांडी पुन्हा धुतली. म्हाताऱ्याच्या मिशीवरची पूड डोळ्यांपुढे आली. त्यांनी डोळे मिटले आणि एलच्या बाटलीतला एक कण जिभेच्या टोकावर ठेवला. कडू. थुंकल्या, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली. मग डी लिहिलेल्या बाटलीतला कण ठेवला आणि वाट पाहिली.

कडू.

मोठ्या बाटलीचा पत्रा त्यांनी चिमट्याने फाडला आणि तिथला कण ठेवला. तो गोड होता, साखरेसारखा स्वच्छ गोड, आणि ती गोडी जिभेवर पसरताच बाईंना भडभडून आलं. कसंबसं बेसिन गाठलं. आपल्याच ओकारीकडे बघताना त्यांना कळलं की आठ महिने त्या पोरीने डीच्या जागी एलच टाकलं होतं. नवीन दाराला डावं-उजवं चांगलं कळतही असेल. त्याला कुणी उजवं दाखवलंच नव्हतं. आणि ही करणी आपली, सगळ्यांच्या हाताला शी म्हणणाऱ्या बाईची.

त्या दिवशी त्या घरी गेल्या आणि जेवल्या नाहीत. यजमान म्हणाले, "काय झालं, कुणी शिंकलं का ताटात?" बाई सरळ जाऊन पडल्या, तेव्हा मात्र अहोंनी पेपर खाली ठेवला. बोलायचं तर पोरीची सहा वर्षं मातीत. तिची नोकरी ठरली होती, दुसऱ्या शहरात, पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं, आणि ती पदवीवर अडली होती. पदवी त्या शेवटच्या प्रकरणावर अडली होती. न बोलायचं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. हा दुसरा विचार मनात आला याचीच बाईंना लाज वाटली.

सोमवारी दुपारी पोरगी खाली आली, तेव्हा बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. पत्रा, चिठ्ठ्या, जीभ. काहीही झाकलं नाही. "चूक माझी आहे बाळा. तू सरांना सांग, नाहीतर मी सांगते."

पोरगी चष्मा पुसत होती. पुसतच राहिली.

"मला माहीत आहे, मावशी."

"काय माहीत आहे?"

"बाटली चुकलीय ते. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी मी एकटी आले होते. जुन्या दाराची अंडी घेतली आणि त्यांना ते डी टाकलं. आकडा उतरला. जुन्या दाराचा डीने उतरायलाच नको ना? तेव्हाच कळलं."

बाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "आणि सर?"

"सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, एका रविवारच्या मूठभर अंड्यांवर सहा वर्षं ओवाळून टाकायची का." पोरीने चष्मा डोळ्यांवर चढवला. डोळे भरले होते. "मी थकले हो, मावशी. मला इथून जायचंय. बाबा रोज फोनवर विचारतात, झालं का, झालं का. पुढे कुणीतरी प्रयोग करेल, त्याला वेगळं येईल, तेव्हा बघता येईल. विज्ञानात असं होतंच." मग तिने बाईंचा हात धरला. घामेजलेला, शेंबूड पुसलेला हात. "ती बाटली तेवढी धुऊन टाका ना. तुम्हाला तर धुवायची सवयच आहे."

बाईंनी आपला हात काढून घेतला नाही. ज्या पोरीवर जीव टाकला, जिच्यासाठी दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, ती सगळं जाणून रोज त्यांच्यासमोर बसून हसत बोलत होती. आणि वर ते सर, रुमालवाले. किळस यावी अशी माणसं. पण त्याच वेळी बाईंच्या छातीवरचं ओझंही उतरत होतं. आता बोलायला नको होतं, कुणी चिमटाबाईंकडे बोट दाखवणार नव्हतं.

"बरं," बाई म्हणाल्या.

बाटली लगेच धुतली नाही, कारण रसायनांचा कचरा न्यायला गाडी गुरुवारी येते आणि नळात ओतलेलं बाईंना चालत नाही. त्यांनी ती कपाटात मागे सरकवली.

बुधवारी सकाळी वरून निरोप आला, पोरीच्या वह्या वरच्या टेबलावर नीट मांडून ठेवा. बाईंनी टेबल पुसलं, वह्या मांडल्या, आणि राहवेना म्हणून त्या रविवारचं पान उघडलं. आकडे होते, नीट, एकाखाली एक. त्यांवर तिरकी रेघ मारली होती. बाजूला पोरीच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, अंडी खराब, सर्व मोजणी बाद. खाली सरांची सही.

बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मग खाली गेल्या आणि आपली वही काढून वर घेऊन आल्या. त्या रविवारची अंडी गुरुवारी सोललेली. सोलली एकशे वीस, फेकली चार. उत्तम.

उत्तम नुसतं नव्हे. तो पुंजका त्यांना आठवत होता, टपोरा, एकसारखा, दोन रंगांच्या मधली रेघ आखल्यासारखी. आणि खराब अंड्याचं गणित सव्वीस वर्षांत त्यांना तोंडपाठ झालेलं. खराब अंड्याची कातडी फाटलेली असते, त्याला दार असून नसल्यासारखं, जे येईल ते आत गळतं. खराब अंड्याचा आकडा चढतो. या पानावर आकडे उतरले होते. म्हणजे खोटं लिहिताना यांनी विचारसुद्धा केला नव्हता. खाली एक बाई बसते, नासक्या वासात, तिच्या माथी मारलं की भागतं, एवढंच त्यांना ठाऊक.

आधी आली ती शिसारी, मग राग. बाटलीच्या चुकीचं ओझं त्या जन्मभर वाहायला तयार होत्या. पण खराब अंडी?

परीक्षक बाई अकराला आल्या. वयस्कर, किडकिडीत, सर्दीने बेजार. नाक पुसून रुमाल बाहीत खोचत, त्याच हाताने सगळ्यांशी हात मिळवत वह्यांपर्यंत आल्या. सर मागे, पोरगी त्यांच्यामागे. सरांनी हसून ओळख करून दिली, "या आमच्या मावशी. अंडी यांच्याच हातची." पाहुणे आले की त्या मावशी व्हायच्या, एरवी "अहो बेडूकवाल्या".

परीक्षक बाई पानं उलटत होत्या. सहज, बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "किती खराब निघतात हो तुमच्याकडे?"

पोरीने चिमटाबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत काय आहे ते बाईंना स्वच्छ कळलं.

"शंभरात तीन-चार," चिमटाबाई म्हणाल्या. "ती मी फेकते. पुढे जातात ती चांगलीच असतात. तुम्ही ते रविवारचं पान बघा. तिथे अंडी खराब लिहिलंय. खराब अंडी असती तर आकडा चढला असता, बाई. हा उतरलाय. अंडी चांगली होती, ही माझी वही. खराब होती ती डीची बाटली. तिच्यात एल आहे, आणि ते मी भरलंय."

सर म्हणाले, "मावशी, तुम्हाला यातलं—" आणि परीक्षक बाईंनी हात वर केला. त्यांनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शिंकायचंही विसरल्या. "बाटली आहे अजून?" चिमटाबाईंनी बाटली आणून दिली. "एल आहे हे कशावरून?"

"चाखली."

सरांचा चेहरा वाकडा झाला. "तोंडात घातलीत? शी."

एवढ्या सगळ्यात त्यांना शी वाटलं ते याचं.

पुढचं थोडक्यात. शेवटचं प्रकरण काढून टाकायचं ठरलं, नोकरीची जागा दुसऱ्याला गेली, पदवी पुढे ढकलली, सगळे प्रयोग दोन्ही दारांवर एकाच दिवशी पुन्हा करायचे. सरांना समितीपुढे बोलावलं, ते जाऊन आले आणि पुन्हा आपल्या खुर्चीत बसले. लेखी ताकीद मिळाली एकालाच. चिमटाबाईंना, रसायन तोंडात घातल्याबद्दल. यजमानांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "खरंच घातलंस? तू?" त्यांना विश्वासच बसेना.

पोरगी पंधरा दिवस खाली फिरकली नाही. बाईंनी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. खोट्यावर उभ्या राहिलेल्या पदवीने तुलाच खाल्लं असतं, वगैरे. ती आली तेव्हा केस मोकळे होते, डोळ्यांखाली काळं. दारातच उभी राहिली.

"मावशी, एक विचारू? मी बाटली धुवा म्हटलं तेव्हा तुम्ही बरं म्हणालात. मग बुधवारी का बोललात?"

"खरं होतं म्हणून."

"खरं तर सोमवारीही होतं." पोरगी आवाज चढवत नव्हती. "सोमवारी सगळं माहीत असून तुम्ही गप्प राहणार होतात. मी त्या पानावर यंत्र बिघडलं असं लिहिलं असतं, पाणी गरम होतं असं लिहिलं असतं, तर तुम्ही एक अक्षर बोलला नसता. मी तुमच्या अंड्यांना खराब म्हटलं, म्हणून बोललात."

पंधरा दिवस जुळवलेलं सगळं बाईंनी बाजूला सारलं. त्यांनी खरंच मनात शोधून पाहिलं, त्या बुधवारच्या सकाळी, टेबलाला धरून उभ्या असताना, आपल्याला पोरीच्या शास्त्राची एकदा तरी आठवण झाली होती का. नव्हती झाली. स्वतःची अशी शिसारी त्यांना उभ्या जन्मात आली नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "नसते बोलले."

टाकीत एक बेडकी वर येऊन श्वास घेऊन गेली.

"किती लागतील?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही दारांची साठ-साठ."

"गुरुवारी सोलते. टोचायला शुक्रवारी ये."

पोरीने मान हलवली आणि वळली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती 'येते' न म्हणता गेली.